डावीकडं वळताना

वाचकांच्या अजब अनुभवांचं हे सदर मी बरीच वर्षं वाचतो. खरं सांगायचं तर वाचून सोडून द्यायलाच वाचतो. माझा धंदा गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचा. अपघात झालेल्या गाड्या माझ्या दारात येतात, कुणाला कुठून कसा मार बसला ते मला पत्र्यावरून कळतं. मी तो पत्रा ठोकून सरळ करतो, रंग मारतो, गाडी परत रस्त्याला लागते. त्यातल्या एकाही गाडीने मला आजवर काही दाखवलं नाही की ऐकवलं नाही. कामावरची मुलं बंपरला लिंबू-मिरची बांधतात, ती मी काढून टाकतो... लिंबाने रंगाला डाग पडतो म्हणून. असा मी माणूस. त्यामुळे हे लिहायला बसताना माझं मलाच अवघडल्यासारखं झालंय.

आणखी एक अडचण आहे. हा अनुभव सांगायचा तर त्याच्या आधीचं थोडं सांगावं लागतं, आणि ते मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. पण ते वगळलं तर बाकीच्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून सगळंच सांगतो.

मी मूळचा बेळगुंदीचा. घर, थोडी शेती तिथंच. वर्कशॉप बेळगावात — शहापुरात, कापडाच्या मागांच्या गल्लीच्या टोकाला. दिवसभर एका बाजूने मागांचा खडखडाट, दुसऱ्या बाजूने आमचा हातोडा. पोटापाण्याचं काम बंपर आणि मडगार्डचं, पण जीव जुन्या गाड्यांत. एकदोन जुन्या जीप अगदी पहिल्यासारख्या करून दिल्यावर जरा नाव झालं, आणि त्या नावावरच तीन-चार वर्षांपूर्वी निपाणीहून एक फोन आला. रणजित नावाचा तंबाखूचा व्यापारी. म्हणाला, "आमच्या काकूची एक जुनी गाडी आहे, वखारीत. काकू म्हणतेय, चालू करायची. बघून जाता का?"

निपाणीच्या जुन्या तंबाखूच्या वखारी ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी एवढंच समजावं, की आत पाऊल टाकलं की माणूस शिंकायला लागतो. मी दाराशी शिंकत उभा, आणि खुर्चीवर बसलेली एक म्हातारी बाई माझ्याकडे बघून हसत होती.

"शिंक बाबा, शिंक. पयल्यांदा येणाऱ्याला तंबाखू असाच नमस्कार करतोय."

या इंदूआक्का. रणजितच्या चुलती. ऐंशीच्या आसपासच्या, किरकोळ अंगाच्या, पांढरं पातळ, हात मोकळे. मूलबाळ नाही. यजमान जाऊन खूप वर्षं झालेली.

तंबाखूच्या पोत्यांची थप्पी बाजूला केली, ताडपत्री ओढली आणि मागं ती गाडी. दोन माणसं बसतील एवढीच. लांब नाक, तारेची चाकं, कापडाचं छप्पर, आणि दारं कोपराच्या उंचीला खाली कापलेली, म्हणजे बसणाऱ्याचा हात आपोआप बाहेर येणार. विलायती स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या भागात अशी दुसरी गाडी नाही, नाव लिहिलं की घर ओळखू येईल. बेळगावच्या कॅम्पातल्या एका मिलिटरी साहेबाने ती आणली होती. साहेब जाताना विकून गेला, ती आक्कांच्या यजमानांनी घेतली. नंबरप्लेट खरवडली तेव्हा कन्नड अंकांच्या खाली म्हैसूरचा नंबर निघाला आणि त्याच्याही खाली मुंबईचा. गाडी होती तिथंच होती, राज्यं बदलत गेली.

अशा गाडीचा सांगाडा लाकडाचा असतो, त्यावर पत्रा मारलेला. इतकी वर्षं बंद असलेल्या गाडीचं लाकूड वाळवीने आणि सीट उंदरांनी खाल्ली असणार असं धरूनच मी गेलो होतो. पण तंबाखूच्या पोत्यांत वाळवीही फिरकली नव्हती आणि उंदीरही. सीटचं चामडं तेवढं तडकलेलं, आणि तंबाखूचा वास आतपर्यंत मुरलेला. तो आजही गेलेला नाही.

मी गाडीखाली सरपटून बाहेर आलो तेव्हा आक्का खुर्ची सोडून डाव्या दारापाशी येऊन उभ्या होत्या.

"उजवीकडं वळायचं झालं की मालक त्यांचा हात भाईर काढायचे," त्या म्हणाल्या. "डावीकडचा हात माझा."

"ड्रायव्हरने उजवा हातच गोल फिरवायचा असतो आक्का, डावीकडं वळताना."

"त्ये पोलिसांच्या पुस्तकात आसंल. आमच्यात माझा हात होता."

रणजित म्हणाला, "काकू म्हणजे त्यावेळचं इंडिकेटर."

"व्हय. आन् फ्यूज कदी उडाला न्हाय माझा."

मग त्यांनी करून दाखवलं. हात सरळ बाहेर, तळवा जमिनीकडे, आणि हवेतच दोनदा थोपटल्यासारखं. "माझ्या बाचा एक खोंड होता, लई तापट. आसं थोपाटलं की गप हुबा ऱ्हायचा. मागनं येणारी गाडी बी तशीच हुबी ऱ्हायची बग. सासूबाई म्हणायच्या, भर रस्त्यात हात काय करतीस लोकांस्नी. मी म्हटलं, न्हाय करत, मग तुमच्या लेकाला मागनं कुणीतरी ठोकलं की मला इचारू नगा." बोलता बोलता त्या दुसऱ्या हाताने आपलं मोकळं मनगट चाचपत होत्या. "घरात माझं कोण ऐकत न्हवतं रं. पर गाडी कुठं वळणार त्ये मागच्याला मी सांगायची."

त्यांना गाडी विकायची नव्हती, मिरवायची नव्हती. मागणं एकच होतं. त्यांचं माहेर कोगनोळीच्या अलीकडं, हायवेच्या डाव्या अंगाला मळ्यात. तिथं आता कुणी राहत नाही, भाचे पुण्याला गेले. "तिथं फाट्याला ह्या गाडीतनं एकदा डावीकडं वळायचंय. हात माझा. मग गाडी इका न्हायतर देवाला सोडा, मी काय म्हणणार न्हाय."

मी म्हणालो, "आक्का, माझी जबाबदारी."

हे शब्द मीच म्हणालो होतो. ते मला पुढं फार आठवत राहिले.

गाडी ट्रकवर घालून शहापूरला आणली. वर्ष कसं गेलं ते मला कळलं नाही. सांगाड्याचं मागचं लाकूड कुजलेलं, ते सागवानात केलं. दाराच्या बिजागऱ्या कुठं मिळणार? उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लाकडाचा पॅटर्न करून ओतून घेतल्या. रंग सोलायला घेतला तर वर क्रीम, त्याखाली डाळिंबी, आणि सगळ्यात खाली साहेबाच्या वेळचा हिरवा. आक्कांना डाळिंबी हवा होता, त्यांच्या लग्नानंतरचा.

डाव्या दाराच्या वरच्या काठावर, बरोबर कोपर टेकेल तिथं, रंगाचे सगळे थर उडून पत्रा उघडा पडला होता. त्यावर बारीक बारीक ओरखडे, आडवे, कमानीसारखे वाकलेले. आधी वाटलं, पोतं शिवायच्या दाभणाचे असतील. मग लक्षात आलं... बांगड्यांचे. हात बाहेर, हात आत, बाहेर, आत — किती वर्षं.

काम सुरू करण्याआधी मी प्रत्येक भागाचा फोटो काढतो, सवय आहे. तसा त्याचाही काढला. आणि मग पॉलिश पेपर घेऊन घासून टाकलं. पुटी, प्रायमर, झालं. रंगाऱ्याला ओरखडा दिसला की हात थांबत नाही. त्यानंतर आठवड्याभराने आक्कांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, "परशराम, त्या दाराला माझ्या बांगड्यांचं वरखाडं हायती. तेवढं ऱ्हाऊ दे हां."

मी म्हणालो, "आहेत आक्का, तसेच आहेत."

ही पहिली थाप. बारीक वाटली तेव्हा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, कॉम्प्रेसर, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, दारातल्या गाड्यांना हार घालायचे. आक्कांनी रणजितबरोबर नारळ आणि हळदीकुंकू पाठवलं होतं. पूजा झाली, नारळ फोडला, आणि सहज म्हणून मी स्टार्टर ओढला. इंजिन चालू झालं. आधी खोकल्यासारखं, मग एकसारखं. त्या आवाजाचं काय सांगू? पलीकडच्या मागावरची माणसं काम सोडून बघायला आली.

त्याच दिवशी निपाणीला फोन करायला हवा होता. गाडी चालत होती, ब्रेक लागत होते. रंगाचा शेवटचा हात आणि डॅशबोर्डवरचं स्पीडचं मीटर तेवढं बाकी. मीटर मला मूळ कंपनीचंच पाहिजे होतं. विलायतेहून मागवलं होतं, ते कुठंतरी अडकून बसलेलं. कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं ती गाडी परीक्षकांनी वाकून वाकून बघावी आणि एक खिळासुद्धा परका निघू नये, अशी माझी हौस. आक्का मागं म्हणाल्या होत्या, "मीटर कशाला रं? मालक कदी बघायचे न्हाईत. मीच सांगायची, हळू चला." ते मी हसण्यावारी नेलं.

आणि प्रदर्शनाचं कारणसुद्धा अर्धंच खरं आहे. एकदा आक्का बसून फिरून आल्या असत्या की गाडी निपाणीला राहिली असती. मला ती सोडवत नव्हती. रोज सकाळी बेळगुंदीहून शहापूरला मी तीच गाडी घेऊन यायला लागलो. ट्रायल, असं मुलांना सांगायचो. छप्पर खाली, दोन्ही बाजूंना शेतं, एकटा मी. पन्नाशी उलटलेला माणूस, पण कॉलेजातल्या पोरासारखा त्या रस्त्यावर हिंडत होतो.

अशाच एका सकाळी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून इंजिनचा आवाज ऐकत बसलो होतो. फोन वाजला. आक्का. मी इंजिन बंद न करताच उचलला.

"परशराम, कुठवर आलं रं काम?"

"इंजिन लेथवर आहे आक्का. थोडं राहिलंय."



"मागं कसला आवाज येतोय?"

"शेजारचा जनरेटर. लाइट गेलीय."

मग म्हणाल्या, "असंल." थोडं थांबून, "लई वळखीचा वाटला." आणि मग, "जेवलास का?"

मी हो म्हणालो. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते.

त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. मीही केला नाही... मीटर आलं की करू, असं म्हणत राहिलो. थंडी संपता संपता रणजितचा फोन आला. काकूला ताप होता, दवाखान्यात ठेवलं होतं, गेली.

त्यांच्या दिवसकार्याला मी निपाणीला गेलो होतो. त्यांच्या नात्यातल्या कुणीतरी विचारलं, गाडीचं काय झालं. मी म्हणालो, "होत आलीय." तिथंही खरं बोललो नाही. मीटर त्यानंतर आलं. पार्सल बरेच दिवस कपाटावर तसंच पडून होतं. प्रदर्शनाला मी गेलो नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर रणजित म्हणाला, "गाडी पाठवून द्या आता. ट्रक पाठवू?" मी म्हणालो, चालवतच आणतो. तो म्हणाला, "मग निदान इंडिकेटर तरी बसवा. हायवे आहे तो."

"मूळ गाडीला नव्हते," मी म्हणालो. एवढं सगळं होऊनही तोंडातून हेच आलं.

तर आता त्या दिवसाचं. सकाळी शहापुरातून निघताना गाडी मी स्वतःच्या हाताने पुसली. डाळिंबी रंग, वर लॅकर, उन्हात धरलं तर तोंड दिसावं असा. डाव्या सीटवर पान्यांचा लोखंडी डबा, पाण्याचा कॅन आणि घडी केलेला टॉवेल. म्हणजे तिथं माणूस बसायला जागाच नव्हती, हे लक्षात ठेवा. हत्तरगीच्या टोलवरच्या पोराने कन्नडमधून विचारलं, "याव गाडी री इदु?" — कुठली गाडी ही? फोटो काढून घेतला. तवंदीचा घाट तिने न कुरकुरता काढला. निपाणी आली. मला गावात वळायचं होतं. मी वळलो नाही. सरळ कोगनोळीच्या दिशेने गेलो.

का गेलो, ते मी पुढंही स्वतःला बरेचदा विचारलंय. आक्कांचा फाटा एकदा बघावा, असं वाटलं होतं एवढंच. मनात तेव्हा काही विचित्र नव्हतं. थंडगार वारा नाही, अंगावर काटा नाही. वास होता, पण तो तंबाखूचा, सीटमधला, रोजचाच. दुपारचं लख्ख ऊन होतं.

हायवेचं काम चालू होतं. बॅरिकेड, मातीचे ढीग, मध्येच वळवलेला रस्ता. रणजितने पूर्वी सांगितलेली खूण — एक मोठी पाण्याची टाकी — अंदाजापेक्षा फार लवकर आली. टाकी दिसली आणि तिथंच डावीकडं फाटा. रोज नव्या गाड्या चालवणारा माणूस मी. बोटं स्टिअरिंगखाली इंडिकेटरची दांडी शोधायला गेली. दांडी नव्हती. हात बाहेर काढून फिरवायचं भान राहिलं नाही. आरशात बघितलं नाही. ब्रेक दाबला आणि डावीकडं घेतली.

मागं एअर ब्रेकचा सुस्कारा, टायर घासल्याचा आवाज आणि जळक्या रबराचा वास. मी फाट्याच्या कच्च्या रस्त्यावर थोडं आत जाऊन थांबलो. मागं वळून बघितलं तर फाट्याच्या तोंडाशी एक भरलेला ट्रक तिरका उभा. माझी गाडी गुडघ्याएवढी, कडक उन्हात तिचा मूळ कंपनीचा मिणमिणता लाल दिवा त्याला काय दिसणार होता?

ड्रायव्हर उतरून चालत आला. चाळिशीचा, खांद्यावर टॉवेल. आता आईबहीण काढणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"गाडी झकास हाय, अण्णा," तो म्हणाला. मग डाव्या बाजूने आत डोकावला. "बाई कुटं गेल्या?"

"कोण बाई?"

"चेष्टा करतायसा व्हय? ह्या अंगाला बसल्याल्या. त्यांनी हात केला म्हणून तर मी ब्रेक मारला. तुमी तर काय दावलासाच न्हाई. त्यांचा हात दिसला नसता तर तुमच्या वरनंच गेलतो बगा."

मी सीटकडे बघितलं. डबा, कॅन, टॉवेलची घडी, सगळं तसंच.

त्याने बाजूच्या उसाकडे मान वळवली. "उसात उतरल्या काय? व्हय, गाडी लागती काय काय बायकास्नी."

"कशा होत्या?" मी विचारलं.

"आता तोंड कुटं बघितलं मी? मागनं दिसतंय केवढं. डोईवर पदर, आन् हात भाईर."

"कसा केला हात?"

"कसा म्हंजे? आसा." त्याने हात लांब केला. तळवा जमिनीकडे. हवेतच दोनदा थोपटलं. "मला हसूच आलं. म्हटलं, ह्या बाई काय ट्रकाला बैल समजत्यात का काय."

ही खूण आक्कांनी वखारीत दाखवली होती, मला आणि रणजितला. मी ती कुणाला सांगितली नव्हती. हा माणूस, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, संकेश्वरहून माल भरून कागलला चाललेला, माझ्या मागं निपाणीपासून होता.

मी आणखी एक विचारलं. का विचारलं ते सांगता येणार नाही. "हातात बांगड्या होत्या?"

"व्हत्या की. हिरव्यागार, भरून. उनात चमकल्या म्हणून तर नजर गेली आदी."

मी बघितलेल्या आक्कांचे हात मोकळेच होते. यजमान गेल्यापासून त्यांनी बांगडी घातली नव्हती.

ड्रायव्हरला उशीर होत होता. जाता जाता तो म्हणाला, "आल्या की सांगा त्यांस्नी, लई उपकार झालं म्हणून. एकाला दोन जीव वाचले. इसरू नगा, सांगा."

ट्रक गेला. मग गाडी हळूहळू आत नेली. मळ्यात एक बंद घर, एक विहीर, बाकी सगळा ऊस. तिथं इंजिन बंद केलं. ड्रायव्हरने सांगायला सांगितलं होतं, पण मला त्याचा निरोप आधी देववेना. त्याच्याआधी माझं एक राहिलं होतं.

"आक्का, तो जनरेटर नव्हता," मी म्हणालो.

एवढंच बोललो. आजूबाजूला कुणी नव्हतं आणि काही झालंही नाही. उसाची पानं वाजत होती, ती तशी वाजतच असतात.

निपाणीला वखारीत पोहोचलो तेव्हा रणजित वाट बघत होता. त्याने गाडी सगळीकडून बघितली, हात फिरवला, खूश झाला. मग डाव्या दारापाशी वाकला.

"अहो परशराम, हे काय? इथं घासलंय की."

दाराच्या वरच्या काठावर, कोपर टेकेल तिथं, लॅकरवर बारीक ओरखडे. आडवे. थोडे कमानीसारखे. सकाळी पुसताना तिथं काही नव्हतं. मी माझ्या रंगाबद्दल चुकत नाही.

"पॉलिशचं कंपाउंड मारलं की जाईल ना?" रणजितने विचारलं.

"जाईल. पण राहू दे."

"तुम्ही म्हणताय हे? रंगात केस दिसला तर अख्खी गाडी सोलणारा माणूस?"

"राहू दे," मी पुन्हा म्हणालो. त्याने खांदे उडवले.

निघण्याआधी मी मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढला. जुना फोटोही त्याच मोबाइलमध्ये आहे, घासून टाकण्याआधीचा. दोन्ही शेजारी ठेवून बघायला क्षणभर लागेल. मी अजून बघितलेलं नाही. जुळले तर काय करू, कळत नाही. आणि नाही जुळले तर... तेही मला नकोच आहे.

आक्कांनी मला माफ केलं, असं काही मी इथं लिहीत नाही. तसं मला जाणवलंही नाही. त्या असल्याच तर त्यांना वळायचं होतं तिथं वळत होत्या, आणि मागच्याला सांगायचं त्यांचं काम त्यांनी केलं. मी नुसता गाडी चालवत होतो.

हे लिहायला घेण्याआधी पहिल्यांदाच बायकोला सगळं सांगितलं, सुमनला. जनरेटरसकट. ती हातातलं काम सोडून ऐकत होती. ऐकून म्हणाली, ड्रायव्हर दमलेला असेल. डोळ्यांवर ऊन असेल. टॉवेल उडून परत पडला असेल. ती थोपटायची खूण काय, गावाकडच्या किती बायका करत असतील. आणि ओरखडे तुमचा तो पान्यांचा डबा आत-बाहेर करताना पडले असतील.

सगळंच होण्यासारखं आहे. टॉवेलची घडी मोडलेली नव्हती, आणि डबा मी उजव्या दारानेच काढतो, पण या गोष्टी मी तिला सांगितल्या नाहीत. माझ्याकडे तिच्यापेक्षा बरं स्पष्टीकरण नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

"असेल," मी म्हणालो.

आणि म्हणताच मला कळलं, की त्या सकाळी फोनवर आक्कांनी माझ्यावर विश्वास ठेवलाच नव्हता. त्यांना आवाज ओळखू आला होता. त्यांनी तो नुसता ऐकून घेतला, आणि मग मला विचारलं, जेवलास का.